ज्ञानचंदशेठनी बाद केलेले कागद

ज्ञानचंदशेठ छाजेडांनी आयुष्यात कापडाशिवाय दुसरं काही निवडलं नव्हतं. बायकोसुद्धा वडिलांनीच निवडली होती, पारोळ्याची. त्यामुळे शीतल दोनशे बारा कागदांचा गठ्ठा घेऊन जळगावच्या दुकानात आली आणि "आबा, यातले कामाचे तेवढे निवडून द्यायचे" म्हणाली, तेव्हा दुकानातला जुना माणूस सुपडू तोंडावर उपरणं धरून हसला. सुपडू शेठपेक्षा दोनच वर्षांनी लहान होता आणि शेठला घाबरणं त्याने वीस वर्षांपूर्वीच सोडून दिलं होतं.

"शेठ, हाई कसानी रद्दी शे? इकानी शे का?"

"रद्दी नाही हो, संशोधन आहे," शीतल म्हणाली. "सुपडूकाका, जरा चहा सांगा ना."

शीतल सातपुड्याच्या पायथ्याची, चोपड्याच्या वरच्या अंगाच्या एका वस्तीवरची. बाप भुरा मजुरी करायचा आणि हंगामात मोहाची फुलं वेचायचा. पोरगी आधी जीएनएम म्हणजे नर्सिंगची पदविकावाली झाली, मग पोस्ट बेसिकची पदवी घेतली, आणि आता धुळ्याला नर्सिंगच्या एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होती. मधल्या काळात दीड वर्ष ती शेठच्या घरी होती. शेठच्या बायकोला, चंदनबाईंना, लकवा झाला होता. तीन वर्षं चार महिने त्या अंथरुणाला होत्या, आणि त्यातलं शेवटचं दीड वर्ष शीतलने त्यांचं सगळं केलं. त्यांना जाऊन आता चौदा महिने झाले होते.

चहा आला. शीतलने समजावून सांगितलं. एम.एस्सी.साठी प्रबंध लिहायचा असतो. तिचा विषय होता, घरी अंथरुणाला खिळलेल्या माणसाच्या पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून घरच्यांनी काय काळजी घ्यावी. पण तिला नवीन प्रयोग करायचा नव्हता. जगात आतापर्यंत लोकांनी यावर जे अभ्यास केले ते शोधायचे, चाळायचे, त्यातले नियमात बसणारे ठेवायचे, आणि ते सगळे मिळून काय सांगतात ते मांडायचं.

"म्हणजे स्वतः काही विणायचं नाही," शेठ म्हणाले. "दुसऱ्यांच्या ठाणांतून चांगलं कापड काढून दाखवायचं. मग हा आपलाच धंदा झाला की."

"तसंच. पण निवड दोन माणसांनी करायची असते. वेगवेगळी, एकमेकांना न सांगता. नंतर दोघांचं जुळवून बघायचं. माझ्या जोडीला हर्षिता होती. ती लग्न होऊन सुरतेला गेली. आता रोज नुसते हळदीचे फोटो पाठवते. बाकीच्या पोरींचे स्वतःचेच प्रबंध डोक्यावर आहेत."

"आणि तुला मीच सापडलो?"

"लता मॅडम म्हणाल्या, इंग्रजी वाचता येणारा आणि नियम पाळणारा कोणीही चालेल. नियम पाळणारं म्हटल्यावर मला दुसरं कोणी आठवलंच नाही."

यावर शेठ खूश झाले, पण दाखवलं नाही. इंग्रजीची त्यांना धास्ती नव्हती. शहात्तर सालचं बी.कॉम. होतं, आणि चाळीस वर्षं विक्रीकर खात्याच्या नोटिसा वाचलेल्या माणसाला कुठलंही इंग्रजी अवघड जात नाही.

त्यांनी हो म्हटलं त्याला मात्र दुसरंच कारण होतं, आणि ते त्यांनी शीतललाही सांगितलं नाही. चंदनबाई गेल्यावर तिसऱ्या दिवशी, उठावण्याला, घर माणसांनी भरलेलं असताना मुलगा अखिलचा एक मित्र, मनन, शेजारी येऊन बसला होता. नुकताच डॉक्टर झालेला. शेठ कोणाला तरी सांगत होते की मी रोज सकाळी तिची पाठ चोळायचो, लाल झालं की जास्तच चोळायचो, म्हणजे रक्त फिरेल. तर मनन हातातला कप खाली ठेवून म्हणाला, "काका, लाल जागा चोळायची नसते. त्याने उलट जखम होते."

पोरगा बोलून गेला. शेठच्या मनात ते मोज्यात शिरलेल्या कुसळासारखं राहिलं. चंदनबाईंना शेवटच्या हिवाळ्यात माकडहाडाजवळ जखम झाली होती, आणि ती काही पूर्ण भरली नव्हती. ती आपल्या हाताने झाली का? विचारायचं तर कोणाला? आता हा गठ्ठा चालून आला होता. दोनशे बारा अभ्यास. कुठे ना कुठे लिहिलेलं असणारच.

दुसऱ्या दिवसापासून काम सुरू झालं. गल्ल्याच्या वर, देवाच्या फोटोखाली, शेठनी पाच नियम लिहून चिकटवले. रुग्ण मोठ्या वयाचा असावा. अंथरुणाला खिळलेला असावा. घरी असावा, काळजी घरचे घेत असावेत. अभ्यास दोन हजार सालानंतरचा असावा. प्रत्यक्ष केलेला अभ्यास असावा, नुसतं मत नसावं. पाचही बसले तर 'आत', एकही चुकला तर 'बाद', आणि पुढच्या रकान्यात कारण.

आठवड्याभरात दुकानाची भाषा बदलली. कोणी कापडाच्या रंगाबद्दल तक्रार केली की शेठ म्हणायचे, "हे नुसतं मत झालं." एका दुपारी पहूरच्या बेबाबाई ब्लाउजपीस घ्यायला आल्या. शेठ कागदात बुडालेले. चष्म्यावरून बघत त्यांनी विचारलं, "अंथरुणाला कोण आहे?"

बेबाबाईंचा चेहरा उतरला. "सासू. तुमाले कोनी सांगं?"

शेठनी मग निळा ब्लाउजपीस बाजूला ठेवून त्यांना अर्धा तास बसवून घेतलं. दर दोन तासांनी कूस बदला, चादरीला सुरकुती ठेवू नका, टाचांखाली उशी नको, पोटऱ्यांखाली घाला म्हणजे टाचा अधांतरी राहतील. आतापर्यंतच्या ऐंशी कागदांत जे होतं ते सगळं सांगितलं. बेबाबाई ब्लाउजपीस विसरून गेल्या आणि नादात पहूरऐवजी पारोळ्याच्या बसमध्ये चढता चढता राहिल्या. सुपडूने त्यांना योग्य बसमध्ये बसवून दिलं आणि परत येऊन म्हणाला, "शेठ, आते दवाखानाच टाकी द्या."

शीतलचा अधूनमधून फोन यायचा. "आबा, किती झाले? कसे निघताहेत?"

"विचारायचं नाही. एकमेकांना सांगायचं नाही असा नियम आहे ना?"

"अहो, किती झाले एवढं तरी सांगाल की नाही?"

"नाही." आणि फोन ठेवून द्यायचे.

सत्त्याण्णव नंबरचा कागद मंगळवारी हाताला लागला. कुठल्याशा परदेशी गावात घरच्या माणसांनी केलेल्या काळजीचा अभ्यास होता. शेठनी तो सावकाश वाचला. मग चष्मा पुसून परत वाचला. त्यात लिहिलं होतं की लाल झालेल्या जागी ज्यांच्या घरचे जोरात चोळत होते, त्यांच्यात जखमा जास्त दिसल्या. कातडीखालच्या बारीक रक्तवाहिन्या आधीच दबलेल्या असतात, चोळण्याने त्या आणखी दुखावत असाव्यात.

शेठ उठले. दुकानाच्या दारापर्यंत जाऊन आले. समोरच्या भांडीवाल्याने हात केला, तो त्यांना दिसला नाही. परत बसून त्यांनी 'बाद' लिहिलं आणि कारणाच्या रकान्यात लिहिलं, 'लेखकाने स्वतः कधी चोळलेलं दिसत नाही.'

दोन दिवसांनी तशाच मताचा आणखी एक आला. तोही बाद झाला. कारण, 'वरीलप्रमाणे'. चोळल्याने काही बिघडलं नाही असं म्हणणारा एक लहानसा अभ्यास निघाला, तो मात्र शेठनी लगेच आत घेतला.

सोळा दिवसांत गठ्ठा संपला. सतराव्या दिवशी कागद पिशवीत घालून ज्ञानचंदशेठ धुळ्याच्या एसटीत बसले. अखिल म्हणाला होता, फोटो काढून पाठवा ना, जाता कशाला. पण माल स्वतः पोचवायची सवय होती. पारोळ्याला गाडी दहा मिनिटं थांबली. सासुरवाडीचं गाव, एरवी ते उतरून चहा घ्यायचे. त्या दिवशी पिशवी मांडीवर धरून बसून राहिले.

कॉलेजच्या वाचनालयाबाहेर व्हरांड्यात एक टेबल होतं. तिथे शीतलने दोघांच्या याद्या शेजारी शेजारी ठेवल्या आणि बोट फिरवत बसली. सुरुवातीला ती खूश होती. मग तिचं बोट अडलं.

"आबा, अकरा नंबर. घोड्यांच्या पाठीवर खोगिराने होणाऱ्या जखमा. तुम्ही आत घेतलंय."

"हो."

"घोडे, आबा?"

"माहीत आहे घोडे आहेत. वाचता येतं मला."

"मग पहिला नियम काय, रुग्ण मोठ्या वयाचा..."

"घोडा मोठ्या वयाचाच होता."

शीतलने कपाळाला हात लावला. पुढे बघते तर असे आणखी. एकोणीसशे त्रेसष्ट सालचा एक. पाळण्यातल्या बाळांचा एक. एका डॉक्टरचं नुसतं भाषण. एकूण सोळा, एकही नियमात न बसणारा, आणि सगळे आत.

"सोळा कसे चुकले? बाकीचं तर सगळं काटेकोर आहे."

"चुकले नाहीत. ते रोज सकाळचे पहिले आहेत."

"म्हणजे?"

"म्हणजे काय म्हणजे? दुकान उघडलं, दिवा लावला, पहिला कागद हातात आला. बोहनीच्या वेळी कोणाला परत पाठवतात का कधी? भाव कमी पडला तरी पहिल्याला देऊन टाकायचं असतं. पन्नास वर्षांत मी पहिला माणूस रिकाम्या हाताने जाऊ दिला नाही, घोड्याला कसा जाऊ देऊ?"

शीतल इतकी हसली की आतून वाचनालयवाल्या बाईंनी खिडकी वाजवली. मग तिने डोळे पुसून पुढे बघितलं आणि परत हसायला लागली. "आणि हे चार? मेंढीच्या कातड्याची गादी. चांगले अभ्यास आहेत आबा, पाचही नियम बसतात. तुम्ही बाद केलेत. कारण..." तिने कागद उचलून वाचलं, "अहिंसा."

"मग? कातडं आहे ते."

"बाद करण्याच्या रकान्यात अहिंसा लिहिलेला हा जगातला पहिला आढावा असेल."

"असू दे पहिला." मग शेठ म्हणाले, "तुझ्या नियमात नसेल बसत तर घे आत. पण मी माझ्या हाताने लिहिणार नाही. तू लिही."

शीतलने लिहिलं. आता न जुळणारे दोनच उरले होते. तिने ते वाचले, कारण वाचलं, आणि ती हसली नाही. कागद शेठच्या समोर सरकवला.

"सत्त्याण्णव. हा का बाद?"

"लिहिलंय ना तिथे."

"ते कारण नियमात नाही. रुग्ण मोठ्या वयाचे आहेत?"

"आहेत."

"अंथरुणाला?"

"हो."

"घरी? घरचेच करतात?"

शेठनी मान डोलावली.

"साल?"

"दोन हजार सोळा."

"प्रत्यक्ष अभ्यास आहे?"

"आहे."

"मग बसतो का नाही?"

"बसतो," शेठ म्हणाले. आणि मग उठावण्याच्या दिवशीचं सगळं सांगून टाकलं. मनन, त्याचा कप, ते वाक्य. चौदा महिने कोणाला सांगितलं नव्हतं ते दोन मिनिटांत सांगून झालं, इतकं थोडं होतं ते. "तू दीड वर्ष घरात होतीस. मी चोळायचो, तू बघायचीस. कधी म्हणाली नाहीस असं करू नका म्हणून."

"काय म्हणणार होते?" शीतलचा आवाज खाली आला. "सकाळी तुम्ही चोळायचे, संध्याकाळी मी चोळायचे. आम्हाला पहिल्या वर्षाला तेच शिकवलं. स्पिरिट लावायचं, पावडर लावायची, हात गोल फिरवायचा. प्रॅक्टिकलला मला पैकीच्या पैकी होते. आणि पुढच्या शिक्षणाला आले तर इथे म्हणतात, लाल जागेला हात लावू नका. तुम्हाला काय वाटतं, हा विषय मी असाच घेतला?"

शेठनी तिच्याकडे पाहिलं. हे त्यांच्या डोक्यात आलंच नव्हतं, की हे कुसळ दुसऱ्या कोणाच्याही मोज्यात असेल.

"मग काय निघतंय?" त्यांनी विचारलं. "दोनशे बारा वाचलेस ना तू. बरोबर की चूक, एक काय ते सांग."

"लाल झालेली जागा चोळू नये, त्याने इजा होऊ शकते. पण अभ्यास थोडे आहेत आणि लहान आहेत, त्यामुळे खात्रीने सांगता येत नाही. असं लिहिणार आहे मी."

"होऊ शकते?" शेठचा आवाज चढला. "एवढे कागद वाचून होऊ शकते? अगं, गिऱ्हाइकाने विचारलं रंग जाईल का, आणि मी म्हटलं जाऊ शकतो, तर दुकान चालेल का?"

"नाही चालणार. पण जाऊ शकतो हे खरं असतं का नाही?"

शेठ कागद सरळ करत म्हणाले, "बोलता तर येत नव्हतं तिला. पण हात हलका पडला की डाव्या हाताने फटका मारायची. जोरात चोळ म्हणून."

"मला पण मारायच्या. दोन मारायच्या अक्का, एकाने भागायचं नाही."

"तुला दोन?"

"दोन. तुमच्यापेक्षा माझा हात हलका ना."

शेठना हसू आलं, आणि ते अर्धवट असतानाच लता मॅडम व्हरांड्यात आल्या. उंच, करड्या केसांच्या, हातात कायम लाल पेन. त्यांनी शेठना वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"हेच तुमचे दुसरे वाचक? कुठल्या हॉस्पिटलचे?"

"छाजेड वस्त्र भांडार," शेठ उभे राहून म्हणाले. "जळगाव."

मॅडम खुर्ची ओढून बसल्या. याद्या पाहिल्या. बोहनीचं ऐकून त्यांनी लाल पेनाचं टोपण काढलं, परत लावलं. "तेवीस वर्षं शिकवतेय मी," त्या म्हणाल्या, "पोरी कागद न वाचता आत घेतात, हे मला माहीत होतं. वाचून, समजून, घोडा आत घेतलेला पहिल्यांदा बघतेय. सोळाही परत तपासा. आज. इथेच बसून." मग शेवटच्या दोन कागदांवर बोट ठेवलं. "आणि हे?"

"ते चर्चेने मिटलं मॅडम," शीतल घाईने म्हणाली.

"मिटलं नाही," शेठ म्हणाले. "मी मुद्दाम बाद केले होते." आणि त्यांनी का ते सांगितलं. शीतल टेबलाखालून त्यांच्या पायाला पाय लावत होती, तरी सांगितलं.

मॅडमनी पेन खाली ठेवलं. "शेठजी, असं असेल तर तुम्ही तटस्थ वाचक नाही. एक तर हिने दुसरा वाचक शोधायचा, म्हणजे प्रबंध पुढच्या सत्रात. नाहीतर हितसंबंध म्हणून हे प्रबंधात छापायचं. तुमच्या नावासकट. कॉलेजच्या वाचनालयात राहील ते, कोणीही उघडून वाचेल."

"छापा," शेठ म्हणाले.

"आबा, विचार करा," शीतल म्हणाली. "अखिलदादा..."

"अखिलला मी सांगेन. लिही तू."

शीतलने वही उघडली. शेठ सांगू लागले, दुकानात बिलाचा मजकूर सांगावा तसं, एकेक वाक्य तोडून. "दुसरे वाचक ज्ञानचंद छाजेड यांच्या पत्नी तीन वर्षं चार महिने अंथरुणाला होत्या. त्यांच्या पाठीची लाल झालेली जागा ते रोज सकाळी चोळत असत. जखम झाली. ती भरली नाही. त्यांना हे करणं बरोबर वाटत होतं."

"शेवटचं वाक्य काढा," मॅडम म्हणाल्या. "कोणाला काय वाटत होतं हे संशोधनात येत नाही."

"मग बाकीचंही काढा. तेवढंच तर खात्रीचं आहे त्यात."

मॅडमनी वही ओढून घेतली, मजकूर परत वाचला, आणि लाल पेनाने काहीही न करता शीतलकडे सरकवली. "पहिली वाचक काय म्हणते?"

शीतल म्हणाली, "मॅडम, मलाही लिहावं लागेल. संध्याकाळी मी असायचे."

"मग लिहा. दोघांचं एकाखाली एक." त्या उठल्या. जाता जाता थांबून म्हणाल्या, "माझ्या वडिलांना मी पण चोळायचे," आणि पुढे निघून गेल्या. लाल पेन तिथेच टेबलावर राहिलं.

शीतल खाली मान घालून आपलं लिहायला लागली. शेठनी सत्त्याण्णव नंबरचा कागद आणि त्याच्या जोडीचा कागद पुढे घेतला. 'बाद' वर एक सरळ रेघ मारली, कारणाच्या रकान्यावर मारली, आणि शेजारी 'आत' लिहिलं. अक्षर काही चांगलं आलं नाही, पण वाचता येत होतं.